मुलाखतीचा कोट

वीटभट्टीवर जाळ लावणाऱ्या त्या माणसाला गावात सगळे निखारा म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं त्याने त्याचा स्वभाव पाहिलेला नसणार. भट्टीच्या तोंडाशी झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं तरी तो आधी खाकरायचा, मग ‘जरा सरकतोस का रे’ म्हणायचा. आधी त्याचा बाप भट्टी पेटवायचा. बापाला खोकला लागला तसा हा पेटवायला लागला. कुणी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. काम शोधायचं असतं, त्यासाठी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेईना. कच्च्या विटा उन्हात मांडाव्यात, तर संध्याकाळपर्यंत त्यांचा परत चिखल. बाया प्लास्टिकचे कागद घेऊन धावायच्या, वाऱ्याने कागद उडायचे, आणि निखारा ओल्या लाकडांपुढे उकिडवा बसून फुंकत राहायचा. डोळे लाल, छाती धुराने भरलेली, आणि जाळ काही धरत नाही. शेवटी नदी विटांची माती काढायच्या शेतात शिरली आणि चांगली मुक्कामालाच राहिली. पाणी ओसरल्यावर भट्टीचा मालक छत्री घेऊन बांधावर आला, नदीने मातीवर आणून टाकलेली वाळू बुटाच्या टोकाने उकरून पाहिली आणि म्हणाला, "संपलं हे. जागा विकतोय मी. उन्हाळ्याच्या आत खोल्या रिकाम्या करा."

खोली म्हणजे जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटांचं घर. वाकड्या, चिरा गेलेल्या, गिऱ्हाइकाने परत केलेल्या विटा. भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं की खिळाच वाकायचा. पण निखाऱ्याच्या बायकोने त्या भिंती दर वर्षी सारवून घेतलेल्या, आणि चुलीमागची जागा तर आरशासारखी ठेवलेली.

"अहो, मग दुसरीकडे काम बघा," ती म्हणाली. ती खुरपणीवरून आली होती आणि उंबऱ्यावर बसून पायांचा चिखल काडीने काढत होती.

"बघतो की," निखारा म्हणाला. मग उंबऱ्याशी येऊन म्हणाला, "कसं बघतात गं?"

तिलाही ते माहीत नव्हतं. तिला खुरपायला बोलावणं यायचं, ती जायची. तिने आपल्या थोरल्या भावाला निरोप धाडला.

हे मेव्हणे म्हणजे नोकरी या विषयातले मोठे जाणकार. उभा जन्म त्यांनी शाळेत घंटा वाजवली होती, आणि आता पेन्शन खात होते. अंगाने काडी, आवाज मात्र घंटेसारखा. सायकलवरून उतरले, पँटच्या पायाला लावलेला चिमटा काढून खिशात ठेवला आणि बाजेवर ऐसपैस बसले. येताना जेवणाची वेळ बरोबर साधलेली होती.

"दाजी, नोकरी मागायची नसते," ते म्हणाले. "मागणाऱ्याची किंमत जाते. नोकरीने आपल्याला मागितलं पाहिजे."

"ते कसं, दादा?" बायकोच्या भावाला निखाराही दादाच म्हणायचा.

"विचारतील त्याला हो म्हणायचं. हे येतं का? येतं. ते येतं का? तेही येतं. नाही हा शब्द घरी ठेवून जायचं. एकदा आत शिरलं की सगळं येतं. मला काय घंटा वाजवता येत होती?"

निखाऱ्याची बायको वाढता वाढता म्हणाली, "दादा, तुला तर मामांनी लावलं होतं ना? मामा हेडमास्तरांना म्हणाले, हा उद्यापासून येईल, आणि तू गेलास."

"तीच तर मुलाखत!" मेव्हणे म्हणाले. "मी तिथे एक अक्षर बोललो नाही. म्हणूनच लागलो."

जेवण झालं, हात धुऊन झाले. पँटच्या पायाला चिमटा लावता लावता त्यांनी आवाज जरा खाली आणला. "आणि नाहीच जमलं तर काळजी करू नका, दाजी. माझ्याकडे या. गोठ्याशेजारी खोली पडून आहे. जनावरांचं तुम्ही बघा, घरातलं ही बघेल. आपलंच घर."

सायकल दिसेनाशी होईपर्यंत बायको दारात उभी होती. मग आत येऊन तिने भांडी जरा जास्तच आवाज करत आवरली.

"माहेरी मी पाहुणी म्हणून जाईन," ती म्हणाली. "तुम्हाला शेणाची पाटी उचलताना आणि मला भावाच्या घरी धुणं धुताना लोकांनी बघायचं, हे मला नाही चालणार. काय वाटेल ते करा, पण उन्हाळ्याच्या आत आपलं आपलं छप्पर बघा."

निखाऱ्याने मान हलवली. बायको सहसा एवढं एकदम बोलत नसे.

पहिला प्रयत्न झाला तो गावाबाहेरच्या डेपोवर, जिथे वाळू, खडी, विटा विकत मिळायच्या. डेपोवाला तंबाखू मळत बसलेला. निखारा जाऊन उभा राहिला आणि काही न बोलता उभाच राहिला, कारण बोलायचं नव्हतं.

"काय पाहिजे?" डेपोवाल्याने विचारलं.

निखारा हसला.

"काम पाहिजे का? ट्रॅक्टर येतो?"

"येतो," निखारा म्हणाला. हे बोलताना त्याच्या पाठीला घाम फुटला. त्याने ट्रॅक्टर पाहिला होता. भट्टीवर रोज यायचा. म्हणजे ‘येतो’ हे काही अगदीच खोटं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

"मग तो तेवढा मागे घे. ट्रॉली विटांपाशी लाव."

निखारा वर चढला. सीट तापलेली होती, इंजिन चालूच होतं. पुढे तीन-चार दांडे होते, त्यातला एक त्याला चुलीच्या चिमट्यासारखा ओळखीचा वाटला म्हणून त्याने तो ओढला. ट्रॅक्टरने एक गचका दिला आणि तो विटांपाशी लागला. म्हणजे विटांना लागला, विटांत शिरला आणि विटांच्या पलीकडे जाऊन थांबला. लाल धुरळा उडाला. खाली उतरून निखाऱ्याने एक फुटकी वीट उचलली. तिच्यावर त्याच्याच भट्टीचा छाप होता.

"आपल्याच आहेत," तो म्हणाला. "चांगल्या भाजलेल्या होत्या हो."

डेपोवाला जे बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं, की निखाऱ्याला पार अंधार पडेपर्यंत त्या विटा निवडाव्या लागल्या, शाबूत एकीकडे, अर्ध्या एकीकडे, चुरा एकीकडे. बोटांची सालं निघाली. डेपोवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला डेपोवाला त्याच्याकडे बोट दाखवून ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होता, आणि गिऱ्हाईक मान वळवून त्याला नीट बघून घेत होतं.

"चूक तुमचीच," मेव्हणे दुसऱ्या दिवशी म्हणाले. तेव्हाही जेवणाचीच वेळ होती. "तुम्ही हो म्हणालात, पण हो म्हणताना घाबरलात. यंत्राला ते कळतं. आता असं करा. ते नवीन कोल्ड स्टोरेज झालंय ना सडकेला? तिथे फाटकाशी जाऊन बसायचं. रोज. काही बोलायचं नाही. माणूस रोज दिसला की मालकाला त्याची सवय होते. सवय झाली की तो आपला वाटायला लागतो."

"आत जाऊन विचारलं तर?" बायको म्हणाली.

"विचारलं की नाही म्हणतात. न विचारलेल्या माणसाला नाही कसं म्हणतील?"

बायको मग डबा घासायला घेऊन बसली.

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाला लागून एक भिंत होती. निखारा सकाळी डबा घेऊन जायचा आणि त्या भिंतीला टेकून बसायचा. बटाट्याच्या पोत्यांनी भरलेले ट्रक यायचे, त्यांचा धूर नाकात जायचा. दुपारी भिंत तापायची, संध्याकाळी गार पडायची. वॉचमन पहिल्या दिवशी संशयाने बघत होता, मग त्याला वाटलं हा कुणाच्या तरी वसुलीला आलाय, मग वाटलं बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. शेवटी त्याने चहा आणला. त्याच्याकडूनच निखाऱ्याला कळलं, की इथे कायम झालेल्या माणसांना मागच्या बाजूला खोल्या देतात. पक्क्या खोल्या, नळ दारात. निखाऱ्याने उठून त्या खोल्या लांबून बघून घेतल्या. एका खोलीपुढे दोरीवर साडी वाळत होती. त्याला त्या साडीच्या जागी बायकोची साडी दिसायला लागली.

"तू रोज बसतोस कशाला पण?" वॉचमनने एकदा न राहवून विचारलं.

"नोकरीसाठी."

"मग आत जाऊन विचार की!"

"तसं विचारायचं नसतं," निखारा म्हणाला.

वॉचमनने त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाला, "जरा उठ बघू."

निखारा उठला. त्याच्या पाठीमागे भिंतीवर हातभर लांबीची पाटी होती. ‘माणसे पाहिजेत. आत चौकशी करावी.’ तिच्यावरचा ‘पाहिजेत’ हा शब्द त्याच्या पाठीने घासून निम्मा पुसला होता.

"तरीच," वॉचमन म्हणाला. "मॅनेजर मॅडम मला रोज विचारतात, एवढी पाटी लावली तरी एक माणूस कसा फिरकत नाही!"

वॉचमनने आत जाऊन सांगितलं आणि सोमवारी मुलाखतीला यायचं ठरलं. ही बातमी ऐकून मेव्हण्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंत? बसण्याचा गुण! आता पुढचं माझ्यावर सोडा." पुढचं म्हणजे टेलरचं दुकान.

टेलरच्या दुकानात खुंटीला एक काळा कोट लटकत असायचा. कुणीतरी हौसेने शिवायला टाकलेला आणि परत न्यायला न आलेला. टेलर सांगायचा, की ज्याने टाकला त्याला शहरात मोठी नोकरी लागली म्हणून तो परत आला नाही. तेव्हापासून गावात ज्याला मुलाखतीला जायचं असेल तो हाच कोट घालून जायचा. कोटाने आजवर कुणाला नोकरी मिळवून दिली नव्हती, पण त्यात दोष कोटाचा नाही, घालणाऱ्यांचा, यावर टेलर आणि मेव्हणे यांचं एकमत होतं. मुलाखतीची उत्तरंही कोटाबरोबरच मिळायची. ती मेव्हण्यांनी तयार केलेली होती आणि टेलरला पाठ होती.

"मागची नोकरी का सोडली?" मेव्हणे शिलाई मशीनमागे साहेब होऊन बसले होते.

"भट्टी बुडाली," निखारा म्हणाला.

"छे छे! बुडालेल्या माणसाला कोण घेतं? म्हणा, तिथे माझ्या गुणांना वाव नव्हता."

"तिथे माझ्या गुणांना वाव नव्हता."

"तुमच्यात दोष काय?"

निखारा विचारात पडला. "मला पटकन बोलता येत नाही. आणि धुराने रात्री खोकला—"

"अहो दाजी, खरे दोष नाही सांगायचे!" मेव्हण्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणायचं, माझा दोष म्हणाल तर एकच, कामापुढे मला जेवणाचंही भान राहत नाही. पगाराचं विचारलं तर, तुम्ही द्याल तो. आणि आपण काय विचारायचं?"

"काय?"

"काही नाही! प्रश्न विचारणारा माणूस लबाड समजतात."

कोटाच्या बाह्या निखाऱ्याच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या, खांदे मात्र दाटले. जाळात लाकूड लोटून लोटून त्याचे खांदे रुंद झाले होते. टेलरने कोट मागून चिमटीत धरून बघितला आणि ‘अगदी शोभतोय’ म्हणाला. मग वयाची गोष्ट निघाली. पांढऱ्या केसांना कुणी विचारत नाही, असं ठरलं. टेलरने कलपाची बाटली काढली आणि निखाऱ्याचे केस आणि मिशा काळ्या कुळकुळीत करून टाकल्या. फाईलही जाड हवी होती. निखाऱ्याकडे कागद असा एकच, लस टोचल्याचा. त्यात बायकोचं शिवणवर्गाचं सर्टिफिकेट घातलं, आणि बाकी फाईल टेलरने जुन्या वर्तमानपत्रांनी फुगवली.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला. मग ओळख पटली तशी भिंतीला टेकून हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

सोमवारी ऊन कडक पडलं होतं. कोट घालून चालत जाताना निखारा भट्टीसमोर कधी घामेजला नव्हता इतका घामेजला. फाटकापाशी वॉचमनने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून खोकला.

मॅनेजर मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. मध्यम वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, अंगात जाड स्वेटर, कारण त्या सारख्या आत-बाहेर करत असायच्या. त्यांनी वर बघितलं आणि त्यांची नजर निखाऱ्याच्या तोंडाकडे न जाता आधी कोटाकडे गेली.

"या," त्या म्हणाल्या. "बसा. हा कोट ओळखीचा आहे."

"जी?"

"हा माझ्याकडे येतच असतो. दर वेळी आत माणूस वेगळा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा, तुम्ही त्रास घेऊ नका, मीच सांगते. मागची नोकरी तुम्ही स्वतःहून सोडली. तिथे तुमच्या गुणांना वाव नव्हता."

निखाऱ्याने मान हलवली.

"तुमचा दोष एकच. कामापुढे जेवणाचंही भान राहत नाही."

निखाऱ्याने परत मान हलवली.

"आणि पगार मी देईन तो. झालं?"

निखाऱ्याने तोंड उघडलं, पण बोलायला काही उरलंच नव्हतं. रात्रभर घोकलेलं सगळं मॅडमनी बोलून टाकलं होतं. तेवढ्यात त्याच्या कपाळावरून एक काळा ओघळ निघाला, नाकावर आला आणि फाईलवर टपकला. मग दुसरा. मिशीतला कलप ओठांत गेला आणि त्याची कडू चव त्याला लागली. मॅडमनी टेबलावरचं फडकं पुढे केलं. त्या फडक्याने तोंड पुसताना निखाऱ्याला एवढी लाज वाटली, की डेपोवरची लाज तिच्यापुढे काहीच नव्हती. आता काय, हे पण गेलं. शेणाची पाटी डोक्यावर आलीच म्हणून समजायचं. आणि एकदा सगळं गेल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं.

त्याने उठून कोट काढला, घडी घातली आणि परत बसून तो मांडीवर घेतला.

"मॅडम, मी नोकरी सोडली नाही," तो म्हणाला. "भट्टी बुडाली. केस माझे पांढरेच आहेत. या फाईलमध्ये पेपर आहेत, जुने. आणि मला ट्रॅक्टर येत नाही."

"ट्रॅक्टरचं मी विचारलं नव्हतं."

"नाही, पण आधीच सांगून ठेवतो."

मॅडमच्या ओठांच्या कडा हलल्या. निखाऱ्याची भीड आता मोडली होती. त्याने बाहेरच्या बाजूला बघितलं, जिथे माणसं पाठीवर पोती घेऊन एका जाड दाराआड जात होती आणि तोंडातून वाफ सोडत बाहेर येत होती.

"इथे काम काय असतं, मॅडम?" त्याने विचारलं.

मॅडमनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "या कोटातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला," त्या म्हणाल्या. मग त्या उठल्याच. "चला, दाखवते."

आतली थंडी निखाऱ्याच्या कानांना चावली. एवढं मोठं दालन, वरपर्यंत पोती, आणि बटाट्यांचा ओला मातकट वास. पोती खालून वर करायची, वरची खाली, सडलेले बटाटे हाताने निवडून काढायचे. हात बधिर होतात. नाक गळतं. नवीन माणसं दोन-तीन दिवसांत पळून जातात. मॅडमनी हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं, काहीही गोड न करता.

"मी जन्मभर जाळापाशी बसलोय," निखारा म्हणाला. "मला हे जमेल की नाही, खरंच सांगता येत नाही. चार दिवस करून बघू का? नाही जमलं तर मीच येऊन सांगेन, पळून नाही जाणार."

"उद्या या," मॅडम म्हणाल्या. "अंगात काहीतरी जाड घालून या."

घरात जाड असं काहीच नव्हतं. भट्टीवाल्याच्या घरात स्वेटर कशाला असणार? तेव्हा निखारा दुसऱ्या दिवशी तो कोटच घालून गेला. आणि खरं सांगायचं तर त्या कोटाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. बोटांपर्यंत येणाऱ्या बाह्यांमुळे पोत्याची सुतळी काचायची नाही, मानेपर्यंतची कॉलर वर केली की कान झाकले जायचे. खांदे पहिल्याच दिवशी उसवले, ते बरंच झालं, हात मोकळे झाले.

पण सवय वाईट. विटा रचताना दोन विटांमध्ये जाळ फिरायला बोटभर फट ठेवायची, हे त्याच्या हातांत इतकं मुरलेलं की पोतीही त्याने तशीच रचली, फटी ठेवून, विटांसारखी आडवी-उभी. थप्पी दिसायला सुरेख झाली. जेवणाच्या सुट्टीत ती एकदा डोलली आणि सगळीच्या सगळी खाली आली. बटाटे दालनभर गडगडत गेले. एक तर मॅडमच्या पायाशी जाऊन थांबला.

निखारा गुडघ्यांवर बसून बटाटे गोळा करायला लागला. "मॅडम, मी जातो," तो खालीच बघत म्हणाला.

"जाल कुठे? आधी हे उचला," मॅडम म्हणाल्या. "नवीन माणसाची थप्पी पडतेच. पोतं वीट नाही, ते बसतं. दाबून रचा."

घरी येऊन तो चुलीपाशी बसायचा तेव्हा बायको त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायची. जाळाने चरबटलेले ते हात आता थंडीने भेगाळले होते. "जमतंय का हो?" ती विचारायची. "अजून पळालो नाही," तो म्हणायचा. चार दिवस झाले, मग आठवडे झाले. उन्हाळा तोंडावर आला आणि मॅडमनी त्याला कायम केलं. कंपनीचं जाड जाकीट मिळालं आणि मागच्या बाजूची खोली मिळाली. नळ दारात. बायकोने पहिल्या दिवशी गरज नसताना तो नळ उगाच सोडून बघितला, बंद केला, परत सोडला.

कोट त्याने टेलरला परत केला. उसवलेला, बटाट्यांचा वास मारणारा. भरपाई म्हणून काय द्यावं या विचाराने त्याला झोप लागली नव्हती, पण टेलरने कोट असा घेतला जसं काही देवाघरचं दान.

"लागला! शेवटी लागला गुण!" तो दुकानाबाहेर येऊन ओरडला.

निखारा सांगत सुटला, की अहो, कोट काढला तेव्हा काम मिळालं, उत्तरं संपली तेव्हा मिळालं. पण ऐकतो कोण? ‘लागल्यावर सगळे असंच म्हणतात,’ असं म्हणून लोक हसायचे. मेव्हणे चावडीवर शेखी मिरवायला लागले की दाजींना मी बसवलं फाटकाशी, मी घडवलं. कोटाला आता गिऱ्हाईक वाढलं.

मग एकदा दुपारी निखारा दारापाशी पोती उतरवून घेत होता. वॉचमन खोकला. निखाऱ्याने मान वर केली आणि त्याला तो कोट फाटकातून आत येताना दिसला. उसवलेले खांदे शिवलेले, बाह्या बोटांपर्यंत, हातात फुगलेली फाईल. आता कोण फसलं म्हणून तो बघायला लागला, आणि त्याच्या हातातलं पोतं निसटलं.

कोटात मेव्हणे होते.

काडीसारख्या अंगावर तो कोट खुंटीवर लटकतो तसाच लटकत होता. मिशा काळ्याभोर. पँटला सायकलचा चिमटा तसाच राहिलेला.

"दादा? तुम्ही?" निखारा म्हणाला.

मेव्हण्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. "रात्रीच्या वॉचमनची जागा निघाली आहे असं ऐकलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली घंटा कुठेतरी गेली होती. "पोरगा वेगळा झाला, दाजी. जाताना जनावरं घेऊन गेला. गोठा तर पावसाळ्यातच रिकामा झाला होता."

"मग आम्हाला या म्हणत होतात ते?"

"घरात माणसं आली असती," मेव्हणे म्हणाले, आणि फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एकट्याचं जेवण करायचा कंटाळा येतो."

निखाऱ्याला सगळ्या जेवणाच्या वेळा आठवल्या. त्याने खिशातलं फडकं काढलं, मेव्हण्यांच्या ओठावर उतरू लागलेला कलप पुसला आणि वाकून पँटचा चिमटा काढून दिला.

"दाजी," मेव्हणे हळूच म्हणाले, "आत काय सांगू?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी हा प्रश्न विचारला होता.

"काही सांगू नका. काम काय आहे ते विचारा."

"असं विचारलेलं चालतं?"

"चालतं."

मेव्हणे आत गेले. दार अर्धंच लागलं. निखारा दाराबाहेर पोतं खांद्याला लावून उभा राहिला. आतून मॅडमचा आवाज आला, "या, बसा. कोट ओळखीचा आहे."

"माझा दोष म्हणाल तर एकच," मेव्हण्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं, "कामापुढे मला..."

आणि ते थांबले. निखाऱ्याच्या खांद्याला रग लागली, तरी त्याने पोतं खाली ठेवलं नाही.

"मॅडम," आतून आवाज आला, पहिल्यापेक्षा खूपच बारीक. "मला घंटा वाजवण्याखेरीज काही येत नाही. इथे काम काय असतं?"

निखाऱ्याने पोतं नीट केलं आणि ओळखीच्या थंडीत शिरता शिरता वॉचमनला हाक मारून सांगितलं, की माझ्या घरी निरोप दे, आज दादा जेवायला आहेत.